खूण न ठेवणारा दाह

चैत्र सरत आला, ऊन तापू लागले, की आपल्या घरांतून वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. घर बेळगावचे असो की वडोदऱ्याचे, इंदूरचे असो की हैदराबादचे, हा उद्योग सहसा चुकत नाही. ज्या मुलुखात आपण वस्ती केली, तेथली मिरची आपण आपलीशी केली. बेळगावकडे संकेश्वरी आणि ब्याडगी, हैदराबादेस गुंटूरची, इंदुरास निमाडातून खरगोणकडची, गोव्यात हरमलची किंवा काणकोण तालुक्यातील खोला येथील. मिरची उन्हात पसरावयाची, तिचे देठ खुडावयाचे, मंद आचेवर भाजावयाची आणि मग कांडावयाची. घरात खकाणा उठतो, शेजारीपाजारी खोकू लागतात, आणि दिवस कसा सरला ते कळत नाही. खरी हकिकत दिवेलागणीनंतर सुरू होते. ज्या हातांनी देठ खुडले, त्या हातांची आग होऊ लागते. रात्र चढते तशी ती वाढते. हात पाण्यात घातला की बरे वाटते, बाहेर काढला की पुन्हा भगभग. आणि नवल असे की, दिव्याखाली हात धरून पाहावे तो त्यावर फोड नाही, व्रण नाही, फार तर थोडी लाली. पाहणारा सहज म्हणून जातो, "दिसत तर काही नाही!"

आजच्या भाषणाचा विषय हेच वाक्य आहे. मिरचीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. तो बहुधा व्यापाराचा, गलबतांचा आणि पाककलेचा इतिहास असतो. परंतु ही मिरची ज्या हातांतून गेली, त्या हातांचाही एक इतिहास आहे. जखम न करता वेदना देणाऱ्या ह्या दाहाचे कोडे माणसाने कसे सोडविले, त्यावर उतारा कसा शोधला आणि त्या वेदनेवर विश्वास ठेवावयास त्याला किती काळ लागला, हे मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम मिरचीच्या कुळाविषयी. मिरची आपली नव्हे, ती अमेरिका खंडातली, हे आता शाळेतील मुलेही जाणतात. मेक्सिकोमध्ये कित्येक सहस्र वर्षांपूर्वीपासून तिची लागवड होत होती. इंग्रजीत तिला जे 'चिली' नाव आहे, ते तेथील नाहुआतल भाषेतून आलेले आहे. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला आणि मिऱ्यांऐवजी त्याला मिरची भेटली. १५ जानेवारी १४९३ ह्या दिवसाच्या नोंदीत त्याने तेथील लोकांच्या 'अही' नावाच्या फळाचा निर्देश केला आहे आणि हीच त्यांची मिरी होय, असे म्हटले आहे. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५०० मध्ये काब्रालचा काफिला ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून मग हिंदुस्थानाकडे आला, आणि १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क ह्याने गोवा घेतला. लिस्बन, ब्राझील आणि गोवा असे हे जे सागरी सूत्र जुळले, त्या सूत्रावरून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली.

ती इतक्या झपाट्याने येथे रुजली की युरोपातील पंडितही फसले. लेओनहार्ट फुक्स ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मिरचीची उत्तम चित्रे आहेत. परंतु तिला नाव दिले आहे ते कालिकतच्या मिरीचे! अमेरिकेतील फळ पन्नास वर्षांच्या आत हिंदुस्थानचे समजले जाऊ लागले. अर्थात सगळ्या देशात ती एकदम पसरली नाही. १५९० च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची सामग्री दिली आहे. तीत मिरी आहे, मिरचीचा पत्ता नाही. दक्षिणेत मात्र पुरंदरदासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका कन्नड पदात मिरचीचे वर्णन आढळते, असे अन्नेतिहासाचे अभ्यासक सांगतात. किनाऱ्यावर उतरलेली ही पाहुणी प्रथम दक्षिणेत घरची झाली.

तिच्या नावातच ही कथा गोठून राहिली आहे. संस्कृतातील मरिच म्हणजे मिरी. तीवरून आपली मिरची, हिंदीतील मिर्च, गुजरातीतील मरचूं. कन्नडात मेणसु म्हणजे मिरी आणि मिरची म्हणजे मेणसिनकाई. काई म्हणजे फळ. तमिळात मिळगु आणि मिळगाय् अशीच जोडी आहे. तेलुगूत मिरियमवरून मिरपकाय. गोव्यातील कोकणीत मिरसांग. जेथे जाल तेथे ह्या नव्या फळाला जुन्या मिरीचे नाव मिळालेले दिसेल. लोकांनी तिला मिरीची धाकटी बहीण समजून घरात घेतले.

परंतु नाव घेतले म्हणून गुण येत नाही. मिरीतील तिखट द्रव्य निराळे, मिरचीतील निराळे. मिरी पाट्यावर वाटल्याने कोणाच्या हातांची रात्रभर आग झाल्याचे ऐकिवात नाही. मिरचीने मात्र जिभेबरोबर हातांनाही एक नवी वेदना आणून दिली. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चरक-सुश्रुतांच्या संहिता ह्या फळाच्या आगमनापूर्वी शेकडो वर्षे लिहिल्या गेल्या. त्यांत दाहावर उपचार आहेत, परंतु मिरचीच्या दाहावर असणे शक्यच नव्हते. म्हणजे ह्या नव्या दुखण्याला जुन्या पोथीत उत्तर नव्हते. ते ज्यांना दुखले त्यांनीच शोधावयाचे होते, आणि दुखले ते प्रामुख्याने बायकांना. कांडणाऱ्या, वाटणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बायकांना.

त्यांनी जे शोधले ते आजही आपल्या घरांत चालू आहे. मिरच्या हाताळण्यापूर्वी हातांना खोबरेल किंवा गोडेतेल चोळावयाचे. काम झाल्यावर पुन्हा तेल लावून हात पुसावयाचे. आग उठलीच तर तूप, लोणी, साय किंवा दही. हे उपाय कोणी कोणाला ग्रंथातून शिकविले नाहीत. आईने मुलीला आणि सासूने सुनेला सांगितले. कोकणात आणि गोव्यात फणस कापताना हातांना तेल लावतात, कारण फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. हीच समजूत मिरचीलाही लावली गेली असेल तर नवल नाही.

येथे एका घोटाळ्याविषयी सावध केले पाहिजे. सुरण किंवा अळू चिरताना हातांना खाज सुटते. तिच्यावर आपण चिंच किंवा कोकम चोळतो. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते त्वचेत रुततात. मिरचीत अशा सुया नाहीत. तिच्यात तेलकट स्वभावाचे एक द्रव्य आहे. म्हणून सुरणाचा उतारा तो मिरचीचा उतारा नव्हे. दुखणे दिसावयास सारखे असले, तरी कारण निराळे असेल तर उपायही निराळा असतो.

हातांची ही आग कशाने शमते हे जसे माणसाने शोधले, तसेच ती मुद्दाम कशी लावावी हेही शोधले, हे सांगताना मनाला क्लेश होतात. मेक्सिकोमधील आझ्टेक लोकांच्या जीवनाची माहिती देणारी एक सचित्र पोथी सोळाव्या शतकात, स्पॅनिश विजयानंतर थोड्याच वर्षांनी, तयार करण्यात आली. मेंडोझा पोथी म्हणून ती प्रसिद्ध आहे. तीत मुलांच्या संगोपनाची चित्रे वयोमानाप्रमाणे दिली आहेत. अकरा वर्षांच्या हट्टी मुलाला बाप जळत्या मिरच्यांच्या धुरावर धरून शिक्षा करीत आहे, असे त्यांतील एक चित्र आहे. मुलाच्या डोळ्यांतून आसवे ओघळताना दाखविली आहेत.

आपल्याकडील दाखला ह्याहून कठोर आहे, कारण तो घरातला नसून राज्यकारभारातला आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा एक चौकशी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाचे जे प्रकार त्या अहवालात नोंदले आहेत, त्यांत डोळ्यांत आणि शरीराच्या नाजूक भागांत मिरचीची पूड घालणे हाही एक आहे. छळ करणाऱ्याने मिरची का निवडावी, हे ओळखणे कठीण नाही. ती प्रत्येक घरात असते, तिला दाम पडत नाही, आणि हाड मोडल्याची किंवा कातडी फाटल्याची जशी खूण राहते, तशी तिची खूण राहत नाही. फिर्यादीने कचेरीत जाऊन दाखवावे काय? 'दिसत तर काही नाही' हे वाक्य स्वयंपाकघरात अज्ञानाचे असते. कचेरीत तेच वाक्य अन्यायाला सोयीचे होते.

आपल्या भाषेनेही ह्या वेदनेला फारशी सहानुभूती दाखविलेली नाही. 'नाकाला मिरच्या झोंबल्या' असे आपण म्हणतो ते चेष्टेने. 'मीठमिरची लावून सांगितले' म्हणतो ते खोटेपणाचा आरोप करताना. मिरची आणि अतिशयोक्ती ह्यांची अशी जोडी जमल्यावर, मिरचीने हात पोळलेल्या बाईचे बोलणेही अतिशयोक्तीचे वाटावे, हे ओघानेच आले.

आता शास्त्राकडे वळू. मिरचीतील दाहक द्रव्य वेगळे काढण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न क्रिस्टिआन बुखोल्झ ह्या जर्मन रसायनज्ञाने १८१६ मध्ये केला. त्याला ते शुद्ध स्वरूपात मिळाले नाही. १८७६ मध्ये जॉन थ्रेश ह्या इंग्रज रसायनज्ञाने ते स्फटिकरूपात मिळविले आणि त्याला 'कॅप्सेसिन' हे नाव दिले. १९१९ मध्ये नेल्सन ह्याने त्याची रासायनिक घडण निश्चित केली आणि १९३० मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनविण्यात आले. ह्या द्रव्याचा मुख्य गुणधर्म असा की, ते थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात आणि मद्यार्कात मात्र सहज विरघळते. आपल्या घरांतील तेलाच्या वाटीमागचे रहस्य हेच. हात नुसत्या पाण्याने कितीही धुतला तरी हे द्रव्य जागचे हलत नाही. तेल त्याला आपल्यात ओढून घेते.

आणखी एक गोष्ट कळली. मिरचीचे बी तिखट असते, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः हे द्रव्य तयार होते ते बी ज्याला चिकटलेले असते त्या आतल्या पांढुरक्या गाभ्यात. बियांना ते लागलेले असते एवढेच. हा गाभा देठाच्या बाजूला अधिक असतो. देठ खुडताना नेमका तोच भाग उघडा पडतो, आणि म्हणून मिरची खाणाऱ्यापेक्षा देठ खुडणाऱ्याच्या वाट्याला तिची झळ अधिक येते.

परंतु हे द्रव्य जाळते कसे? आम्लाने कातडी जळते, उकळत्या पाण्याने पोळते. मिरचीने तसे काही होताना दिसत नव्हते. ह्या प्रश्नाला योग्य दिशेने हात घातला तो हंगेरीने. तो देशही आपल्यासारखाच मिरचीचा भोक्ता. १८७८ मध्ये एंद्रे होग्येश ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ह्या द्रव्याचा परिणाम मुख्यतः संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर होतो. पुढे त्याच देशातील मिक्लोश यांचो ह्याने १९४० नंतरच्या दशकात आणखी एक विलक्षण गोष्ट पाहिली. हे द्रव्य पुनःपुन्हा लावले असता ते तंतू काही काळ बधिर होतात आणि मग इतर दाहक पदार्थांनाही दाद देत नाहीत. रोज मिरची कांडणारीला पहिल्या दिवसाइतकी आग पुढे जाणवत नाही, ह्या अनुभवामागे हे कारण असावे.

कोड्याचा शेवटचा धागा सुटला तो १९९७ मध्ये. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मज्जातंतूंच्या आवरणातील ते नेमके प्रथिन शोधून काढले, ज्याला मिरचीचे द्रव्य जाऊन चिकटते. ते प्रथिन म्हणजे एक लहानसे द्वार आहे, असे समजा. एरवी हे द्वार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की उघडते आणि 'येथे पोळत आहे' असा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीचे द्रव्य हेच द्वार उष्णतेवाचून उघडते. निरोप तोच जातो. मेंदूला दोहोंतला भेद कळण्याचा मार्गच नाही. ह्या शोधासाठी ज्युलियस ह्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक, अर्डेम पटापूटियन ह्यांच्यासह, देण्यात आले.

श्रोतेहो, ह्या शोधाचा अर्थ नीट पाहा. मिरचीची आग 'खोटी' आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट, विस्तवावर पोळल्याचा निरोप ज्या तंतूंतून जातो, त्याच तंतूंतून मिरचीचाही निरोप जातो. कातडीवर जखम नाही, परंतु वेदना मात्र अस्सल. ज्या आजीला तिच्या घरच्यांनी 'उगाच कण्हतेस' म्हटले असेल, तिचे बोलणे आज प्रयोगशाळेने अक्षरशः खरे ठरविले आहे.

वैद्यकाच्या ग्रंथांतही ह्या दुखण्याला जागा मिळावयास बराच उशीर लागला. १९८१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या प्रसिद्ध अमेरिकन नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र आले. चीनच्या हुनान प्रांतातील पद्धतीचा पदार्थ करताना मिरच्या हाताळल्याने हातांची जी असह्य आग होते, तिला त्यांनी 'हुनान हँड' असे नाव दिले. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात शिरक्याचा उपाय सुचविणारे पत्र प्रसिद्ध झाले. गोव्यातील घरांत मिरचीचा मसाला माडाच्या शिरक्यात वाटण्याची चाल जुनी आहे, म्हणून तेथील वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. ज्या दुखण्याने आपल्या बायका चारशे वर्षे रात्री जागवीत होत्या, त्याला पाश्चात्त्य वैद्यकात नाव मिळाले ते एका चिनी प्रांताचे, आणि तेही कालपरवा.

१९८७ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको ह्या मिरचीप्रिय राज्यातील डॉक्टरांनी घरगुती उपायांची परीक्षा केली. मिरचीने पोळलेले हात थंड पाण्यात ठेवणे आणि खाद्यतेलात ठेवणे, ह्यांची त्यांनी तुलना केली. थंड पाण्याने लगेच बरे वाटते, परंतु पुढे टिकणारा आराम तेलानेच अधिक मिळतो, असे त्यांना आढळले. आपल्या घरांतील तेलाच्या वाटीला ह्याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते हवे?

तेव्हा आता ह्या सर्व ज्ञानाचा व्यवहारात उपयोग कसा करावा, ते क्रमाने सांगतो. मिरची हाताळून झाली की एकदम नळाखाली हात धरू नयेत. प्रथम कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. मग भरपूर खाद्यतेल घेऊन बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना चोळावे. थोडा वेळ थांबून ते तेल दुसऱ्या फडक्याने पूर्ण पुसून टाकावे. पुष्कळजणी येथेच चुकतात. तेलाने द्रव्य ओढून घेतलेले असते. ते तेल तसेच अंगावर राहिले तर आग पुसली न जाता पसरते. नंतर साबण लावून हात धुवावेत. साबण हा तेलाला पाण्याबरोबर वाहून नेणारा दुवा आहे. हा क्रम दोनतीनदा करावा. त्यानंतर राहिलेल्या आगीसाठी गार पाणी, गार ओले फडके किंवा थंड दही चालेल. कढत पाणी मात्र कटाक्षाने टाळावे, चुलीजवळही बसू नये. मिरचीने उघडलेले ते द्वार मग एरवी सोसणाऱ्या उष्णतेनेही पेटते. चुना, सोडा, रॉकेल असले उग्र पदार्थ हातांवर घालू नयेत. शिरका वापरावयाचा झाला तर कातडीला चीर नसेल तेथेच.

डोळ्यांची गोष्ट निराळी आहे. डोळ्यांत मिरची गेली तर तेथे तेल, तूप, दूध काहीही घालू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा, चोळू नये, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावे. हातांवर फोड आले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तरीही घरगुती उपायांवर विसंबू नये. आणि तान्हे मूल घरात असेल तर हातांची आग पूर्ण शमल्यावाचून त्याला उचलून घेऊ नये. मोठ्या माणसाच्या जाड तळहाताला जे जाणवत नाही, ते बाळाच्या गालाला जाणवते.

ह्या आगीतून औषधही निघाले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा व्हावयाचा नाही. यांचो ह्याने पाहिलेल्या बधिरतेचा उपयोग करून मिरचीच्या द्रव्याची मलमे तयार झाली. नागीण बरी झाल्यावरही कित्येक रुग्णांना महिनोन्महिने जी तीव्र वेदना राहते, तिच्यासाठी शेकडा ८ प्रमाणात हे द्रव्य असलेल्या पट्टीला २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती वेदनाही अशीच, कातडी वरून बरी दिसत असता आत जाळणारी. एका न दिसणाऱ्या वेदनेने दुसऱ्या न दिसणाऱ्या वेदनेला उतारा दिला.

मात्र हे सारे ज्ञान ज्यांना अगोदर मिळावयास हवे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले आहे काय? घरची मिरची वर्षातून एकदा होते. ब्याडगीच्या बाजारात, गुंटूरच्या परिसरात आणि इतर मिरचीपेठांत देठ काढण्याचे काम बायका हंगामभर करतात. त्यांच्या हातांना, डोळ्यांना, छातीला जी झळ लागते, ती एका रात्रीची नसते. अनेक ठिकाणी मजुरी वजनावर असते. हातमोजे घातले की बोटांची चपळाई कमी होते, उन्हाळ्यात आत घाम साचतो आणि दिवसाची मिळकत घटते. म्हणून मोजे दिले तरी त्या काढून ठेवतात. ह्यात त्यांचे अज्ञान नाही, हिशेब आहे. तो हिशेब बदलावयाचा असेल तर मोजा बोटांना बसणारा हवा, हात धुवायला तेल-साबण आणि पाणी जवळ हवे, आणि कमी वेगाने केलेल्या कामाचाही पुरता दाम हवा.

रबरी हातमोजा वैद्यकात प्रथम आला, तो कसा, हे जाणण्याजोगे आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या एक परिचारिका होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने त्यांच्या हातांची कातडी बिघडली. त्यांना काम सोडून देण्याची पाळी येऊ नये, म्हणून शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड ह्यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबराचे मोजे मुद्दाम करवून घेतले. रुग्णाला जंतूंपासून वाचविण्यासाठी मोजे वापरावेत, हा विचार त्या रुग्णालयात त्यानंतर रूढ झाला. मूळ हेतू काम करणाऱ्या हातांचे रक्षण हाच होता. परिचारिकेच्या हातांवर निदान पुरळ दिसत होते, म्हणून तिच्यासाठी कोणी तरी कारखान्याला पत्र लिहिले. मिरचीच्या ढिगापुढे बसलेल्या बाईच्या हातांवर काही दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी पत्र लिहिणारा अजून भेटावयाचा आहे.

आपणांपैकी बहुतेकांचा त्या बाजारपेठांशी थेट संबंध येत नसेल. परंतु वर्षाचे तिखट करावयास आपल्या घरी कोणी बाई येत असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी तिच्यापुढे तेलाची वाटी ठेवावी, काम संपल्यावर फडके आणि साबण द्यावा, हातांची आग वेगळी धरून मजुरीत दोन पैसे अधिक घालावेत. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली की, "ताई, रात्रभर हात जळत होते," तर तिचे हात उलटसुलट करून पाहू नयेत. तेथे दिसण्यासारखे काही नसते. ती म्हणते ते खरे आहे, एवढे आता आपणांस ठाऊक आहे.